नावाचा रकाना

महापालिकेत खिडकी नंबर तीन माझी.
डावीकडं जन्म, उजवीकडं मृत्यू,
मधे चहाचा कप, कुणीकडं सांडेल सांगता येत नाही.
या वर्षी एकट्या फुलेवाडीतून अकरा शिवांश आले.
मी काही म्हणत नाही. शिक्का मारते.

म्हणून धैर्यशील म्हणाला, "अक्का, पोराचं नाव
वर्गात दोनदा पुकारलं जाऊ नये,"
तेव्हा मला आतून बरंच वाटलं.

ग्रॉन्यानं वहीत यादी केलेली.
तिच्याकडची आयरिश नावं अशी की लिहायची सात अक्षरं, बोलायची तीन,
उरलेली नुसती बसून,
आमच्या आस्थापना विभागासारखी.
एक निघालं 'डाही'. आई म्हणाली, "आणि ताक कधी?"
एक 'टाइग'. ते मोठ्यानं म्हटलं तर
गल्लीतला टायगर शेपूट हलवत दारात.

मग तिनं बोट ठेवलं. फीअख्रा.
ख घशातून, ठसका लागता लागता अडवावा तसा.
तिच्या आजोळच्या बेटावर त्या नावाचा एक मच्छीमार होता,
आता तिकडंही फारसं कुणी ठेवत नाही.
अर्थ?
धैर्यशीलनं माझ्याकडं बघितलं, आईकडं नाही.
कावळा.
मोठा, डोंगरातला. पण कावळाच.

"नातवाला कावळा म्हणू व्हय मी?
न्हाई म्हणतो. मरंपर्यंत न्हाई म्हणतो."
कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, आई बाहेर आली नाही.

दादांच्या दहाव्याला
पंचगंगेच्या घाटावर पिंड मीच ठेवला होता.
शेजारी बटाटेवडा, तंबाखूची पुडी, अर्धी विडी,
आणि फोनमधे धैर्यशील. तिकडं उजाडलं नव्हतं.
कावळे होते. पिंपळावर बसून होते.
"धैर्याचं लग्न तिच्याशीच करून देतो," म्हणाले. नाही.
"घर विकत नाही," म्हणाले. नाही.
एक वाजला. गुरुजींना कळंब्याला जायचं होतं.
मग दर्भाचा कावळा करून टेकवला.
नोंद पूर्ण.
येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली,
"काय ऱ्हायलं असंल त्यांचं?"

नावाचा रकाना कायद्यानं रिकामा ठेवता येतो,
पंधरा वर्षं मुदत.
मी रिकामाच ठेवला.
बारशाला वाकून त्याच्या कानात तो ख काढला,
बायकांनी पाठीत धपाटे घातले, कुर्रर्र,
कुणाला काही ऐकू आलं नाही.
आईनं विचारलंही नाही. ती त्याला बाळ्या म्हणत राहिली.

काल उष्टावण.
वाटीत मऊ भात, वर तूप, मांडीवर तो.
"ह्यो घास चिऊचा."
त्यानं तोंड फिरवलं.
"ह्यो घास..."
आई थांबली.
बाहेर गवत मंडईकडं कुणी टेम्पो मागं घेत होतं,
त्याची टींटीं बराच वेळ चालू राहिली.
"...काऊचा."
ओठ भाताला लागले.

"शिवला," आई म्हणाली. मला. हळू.

आज साडेदहाला पहिली नोंद माझीच.
आमच्या जुन्या फाँटमधे ख्र फुटतो, नीट उमटत नाही.
तेवढं अक्षर पेनानं गिरवलं,
जरा जास्तच काळं झालं.
असू दे म्हटलं. शिक्का मारला.