आईचं गाव कोणतं

सेलूला आठव्या दिवशी पाणी येतं.
कोणत्या वॉर्डाला किती वाजता, ते मी लिहिते.
सतरा वर्षं झाली लिहायले.
आधी फळ्यावर खडूनं, आता मोबाईलवर.
खाली माझं नाव, माझा नंबर,
कुणाला अडचण आली तर असावा म्हणून.

मार्चात वॉर्ड अकराचा व्हॉल्व्ह फुटला,
पाण्याला दोन दिवस उशीर झाला.
तिसऱ्या रात्री कुणीतरी
पुतणीच्या हळदीतला माझा फोटो उचलला,
शेजारच्या बायका कापून टाकल्या,
खाली नंबर, आणि एक ओळ
जी मी इथं लिहिणार नाही.

फोन वाजत राहिला. पुण्याहून, गुलबर्ग्याहून, कुठून कुठून.
एक पोरगं तर माझ्या मुलाएवढं,
आवाज नुकता फुटायलेला.
मी फोन तुरीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.
आत तो घुमत राहिला, भुंग्यासारखा.

साहेब म्हणाले, दुर्लक्ष करा बोराडेबाई.
नवरा म्हणाला, नंबर बदल.
फोटो छान होता, असं कुणीच म्हणालं नाही.
छान होता.

नुसरत कंत्राटी आहे, संगणकात बिलं भरते.
रविवारी तिनं ऑफिस उघडायला लावलं.
"आधी काहीच पुसायचं नाही, ताई.
घाण असली तरी पुरावा आहे तो."
तारीख, वेळ, नंबर,
आवक रजिस्टरात नोंदवतात तसं
सगळं माझ्याच हातानं लिहून घेतलं.
एकशे बेचाळीस.
त्यानंतर ब्लॉक.

आमचा किसनमामा रात्री रस्त्यावर
लोखंडी गज कानाला लावून बसतो,
खाली पाणी कुठं गळतंय ते ऐकत.
नुसरत तशीच बसली होती माझ्या फोनवर वाकून.
फोटो कोण बघू शकतं? सगळे. बंद केलं.
तुळशीमागं घराची पाटी दिसायली. काढला तो फोटो.
लोकेशन चालूच, कधीपासून कोण जाणे.
पासवर्ड? मुलाचं नाव, पुढं एक दोन तीन.
ती काही बोलली नाही. बघितलं फक्त.

तुला गं कसं माहीत हे सगळं?
तिनं ओढणी सारखी केली.
"बारावीत होते तेव्हा."

मग पडद्यावर प्रश्न आला,
आईचं गाव कोणतं?
मी लिहायला लागले, वालूर.
तिनं हातच धरला. "खरं कशाला लिहायलात?
वालूर अर्ध्या सेलूला माहीत आहे."
आहेच. इथं दारात पाहुणा आला
की पहिला प्रश्न तोच असतो,
आणि उत्तरावर ठरतं, चहा कोणत्या कपात द्यायचा.

मी खोटं लिहिलं.
नकाशात नसलेलं एक गाव.
नाव तुम्हालाही सांगणार नाही.

परभणीला सायबरवाल्या हवालदारानं पानं उलटली,
म्हणाला, एवढं नीट कुणी आणत नाही.
पुढं काही कळवलं नाही अजून.
नुसरतनं साहेबांपुढं अर्ज ठेवला,
वेळापत्रकाखाली बाईंचं नाव नको, ऑफिसचा नंबर द्या.
साहेबांनी सही केली. नंबर मिळाला.
फोनची खरेदी मंजुरीला गेली आहे.

रात्री अनोळखी नंबर चमकला
की मी उठून त्या गावात जाऊन येते.
तिथं नळाला रोज पाणी असतं.
आई कळशी धुवायली असते, वर बघून विचारते,
हे कुठलं गं गाव? आपण तर वालूरचे ना?

हळू बोल, म्हणते मी.