बहुतेक

रबाळ्याच्या एमआयडीसीत, स्प्रिंगा बनवणाऱ्या गाळ्याच्या वर
आमची खोली. तीन संगणक, एक पंखा,
आणि खिडकीत ओल्या फडक्यावर मांडलेले
अकरा कडवे वाल.
डब्यातल्या बिरड्याचं कधी केलं नाही एवढं कौतुक
चाललंय यांचं. दिवसातून चारदा पाणी,
दर दहा मिनिटांनी फोटो.

चौथीच्या मुलांसाठी चित्रफीत: बी कसं रुजतं.
सेकंदाला बारा चित्रं,
आणि नऊ दिवसांचं रुजणं अकरा सेकंदांत बसवायचं.
बाराशे शहाण्णव फोटोंमधून मी एकशे बत्तीस निवडते.
उरलेल्यांतही तो वाढतच होता,
कुणी बघणार नाही अशा वेळी.

आधी चुकीचं काढलं होतं मी:
कोंब सरळ, भाल्यासारखा, माती फोडून वर.
वाल तसा येत नाही.
तो मान मोडून येतो, पाठ आधी,
ठेंगण्या दारातून पाटी घेऊन
उलटं बाहेर पडणाऱ्या बाईसारखा.
पानं मागे, मिटलेली, खरचटू नयेत म्हणून.
उजेडात आल्यावर मग कंबर सरळ करतो.
त्या कमरेला मी चाळीस चित्रं दिली.
खाली दिवसभर तारेला वाक देत होते,
खट् खट् खट्.

प्रकाशनातून टिपणीससरांचा निरोप:
कोंबाला डोळे हवेत. डोळ्यांशिवाय पोरं बघत नाहीत.
म्हटलं, उसाला डोळे असतात, बटाट्याला असतात,
ते बघायला नसतात सर, फुटायला असतात.
त्यांनी नुसता अंगठा पाठवला.
होकार की नकार, कळलं नाही.
मी काढले नाहीत.

मग ऐरोलीला, दिव्याच्या शाळेत,
फळ्यावर चादर टाकून दाखवली.
‘मुळं नेहमी जमिनीत खाली जातात,’
असं निवेदन म्हणालं, आणि
तिसऱ्या बाकावरची भाविका मढवी उभी राहिली.
‘बाई, आमचे खारीन मुलां वर येतान.’
वर्ग हसला.
बाई म्हणाल्या, मुळं म्हण. ळ. ळ.
तिची जीभ वळायला गेली, अर्ध्यातून परतली,
‘मुलां,’ म्हणाली ती पुन्हा,
आणि बाकाखालून दहा बोटं
वर काढून दाखवली, हलवून.

ओहोटीला तिच्या काकामागून खाडीवर गेले.
तिवरांखाली चिखल,
आणि चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी
मुळं, मुळं, मुळं. आभाळाकडे तोंड करून.
मोजायला लागले, साठाच्या पुढे सोडून दिलं.
‘खाली दम कोंडतो त्यांचा,’ काका म्हणाला,
‘मग नाक वर काढतान.’
मधून निवट्या उड्या मारत होत्या.
पलीकडे पुलावरून गाड्या, काचा बंद.
माझी एक चप्पल तिथेच राहिली.

निवेदनाच्या मृदुलाताईंना परत बोलावलं
एका शब्दासाठी.
‘नेहमी’ काढा, ‘बहुतेक’ म्हणा.
त्यांनी विचारलं, एवढ्यासाठी वाशीहून आले मी?
तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा बरोबर आलं,
जरा थांबून,
स्वतःला खात्री नसल्यासारखं.
वाक्य अर्ध्या सेकंदाने लांबलं.
सहा चित्रं जास्तीची.
सहा चित्रांत काय मावणार?
चिखल काढला.
पाचव्यात त्याला एक फुगा आला,
सहाव्यात एक बोट वर.

टिपणीससर म्हणाले, हे काय मध्येच?
म्हटलं, मूल आहे.
चुकून म्हणाले, पण दुरुस्त केलं नाही.

अकरातले दहा वाल रुजले, कुंडीत गेले.
अकरावा अजून खिडकीत आहे.
कॅमेरा काढून घेतलाय,
त्याची बॅटरी दुसऱ्या कामाला लागते.
फडकं मात्र जाता-येता
ओलं करते.