शेरा

फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेला
गणेशवाडीच्या निवाऱ्याचं कुलूप माझ्या हातात येतं.
सोबत कागद : थंडी संपली.

हौसाबाई गांगुर्डे ब्लँकेटची घडी घालून देते,
चारी टोकं जुळवून,
शेजारणीकडून उसनं आणल्यासारखं.
विचारते, "आता किती महिने बाहेर?"

मी काय सांगू.
एप्रिलात गंगेवरच्या पायऱ्यांचा तवा होतो.
बेंडकुळे पुलाच्या सावलीमागे सरकत राहतो,
सावली चिंचोळी झाली की कुत्र्याला म्हणतो,
"तू पण सरक की बाबा."
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

श्रावणात धरणातून पाणी सोडतात.
अख्खं नाशिक बघायला लोटतं,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं,
की छातीला.
हौसाबाईच्या पिशवीला कधी लागलं
ते मोजायला मारुती नाही.

मग डिसेंबर.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात,
घडांना गारठा बाधू नये म्हणून
माणसं रात्रभर जागतात.
पारा पेपरात छापून आला
तेव्हा कुठे वरून फोन : उघडा.

उघडलं.
चाळीस खाटा. एकोणचाळीस सह्या,
अंगठे धरून.
भिंतीकडची खाट मी राखून ठेवली होती.
तिसऱ्या रात्री कुत्रं आलं दारात,
एकटंच.
आत घेतलं. नियमात नाही.

आज पुन्हा तो कागद आलाय.
नोंदवहीत तारीख घातली
आणि खाली शेरा मारला :
कुलूप गंजले आहे, लागत नाही.

हौसाबाई बघत होती.
तिला वाचता येत नाही.
तिने घडी मोडली.