खालच्या फळीवरचा कप

माझा कप खालच्या फळीवर असतो.
निळ्या काठाचा, कान जरासा उडालेला,
शेजारी पोस्टमनचा पेला
आणि शहरातून कांदे घ्यायला येणाऱ्यांसाठी दोन बशा.
घरच्यांची भांडी वर.
लग्नाला अकरा वर्षं झाली.

सासूबाई वाईट नाहीत.
फेवरोन्या एव्स्तिग्नेयेव्ना:
एवढं नाव नीट घ्यायला मला पहिला हिवाळा लागला.
जुन्या पंथाची माणसं. क्रूस करतात तो दोनच बोटांनी,
आणि बाहेरच्या ओठांना लागलेलं भांडं
यांच्या सोवळ्यात बसत नाही.
मी टार्टूची. लुथेरन, तीही नावापुरती.
पहिल्या दिवशी चहा ओतून त्या म्हणाल्या,
"हा तुझा. हरवू नकोस."
मला वाटलं, भेट आहे.

पेइपुसच्या काठी वर्ष कांद्यांवर मोजतात.
फेब्रुवारीत बी-कांदे चुलीमागं पिशवीत
ऊब घेत बसतात, लाडावलेल्या पाहुण्यांसारखे.
मे महिन्यात आम्ही गुडघ्यांवर.
उंच वाफे, काळी माती, बोटाची दोन पेरं खोल;
त्या पुढं, मी मागं,
त्यांची पाठ बोलते, मी ऐकते.
जुलैत खुरपणं, डास, पुन्हा खुरपणं.
ऑगस्ट सरता सरता अंगणभर तांबूस सोनं पसरतं
आणि दोघी पायरीवर बसून
कांद्यांच्या वेण्या घालतो.
माझी वेणी सैल पडते.
ती त्या रात्री उसवून पुन्हा घालतात,
मी झोपले असं समजून.

मग तो डिसेंबर.
सरोवरावरचा बर्फ नवा होता, धुकं त्याहून नवं.
सावेली बर्फाखालची जाळी बघायला गेला
आणि चार वाजता अंधार पडला तरी आला नाही.
पाच. साडेसहा.
सासूबाई मूर्तींच्या कोपऱ्यासमोर उभ्या, हातात कातड्याची जपमाळ.
शिडीसारखी असते ती, पायऱ्यापायऱ्यांची.
अंगठा एकेक पायरी चढायचा,
वर पोचायचा, आणि पुन्हा तळापासून.
मला प्रार्थना येत नाही.
मी समोवार पेटवला, विझू दिला, पेटवला.

आठ वाजता त्यांनी चहा ओतला.
हात थरथरत होते, हाताला आला तो कप घेतला.
निळा काठ.
अर्धा प्यायल्या. मग त्यांना दिसलं.
मी खिडकीकडे बघत राहिले,
सासरी अशा वेळी बघायचं असतं तसं.
उरलेला अर्धा त्यांनी माझ्यापुढं सरकवला.
"निवतोय," म्हणाल्या.

साडेनऊला कुत्रा भुंकला.
सावेलीच्या मिशांत बर्फ, पोत्यात सात पर्च,
तोंडावर ते मूर्ख हसू,
आणि आम्ही दोघींनी त्याला असं काही फैलावर घेतलं
की शेजारची आकुलिना दार उघडून ऐकत उभी राहिली.

सकाळी कप धुतलेला होता.
खालच्याच फळीवर, पोस्टमनच्या पेल्याशेजारी.
पुढचे चाळीस दिवस पहाटे
भिंतीपलीकडून कपाळ जमिनीला टेकल्याचा आवाज यायचा,
रोजच्यापेक्षा जास्त वेळा.
मी मोजलं नाही. कशापायी, तेही विचारलं नाही.

आज ईस्टरच्या आदल्या गुरुवारी
वर्षभर साठवलेली कांद्याची सालं पातेल्यात उकळताहेत,
अंडी तांबूस होताहेत,
वाफेनं खिडक्या आंधळ्या.
झिनोवी चार वर्षांचा; तो वरच्या फळीचा.
स्टुलावर उभा राहून त्यानं आजीचा कप काढलाय
आणि खालचा माझा.
ह्यातलं पाणी त्यात, त्यातलं ह्यात,
एक घोट हा, एक घोट तो.
सासूबाई वळतात. बघतात.
ओठ हलतात, दोन बोटं कपाळापर्यंत जातात
आणि तिथंच राहतात.
"पातेलं उतू चाललंय," त्या म्हणतात.
कुणाला, ते कळत नाही.
मी पुढं होते.