लांबून आलेलं वजन

तळाशीलच्या पुळणीवर रापणीची दोन टोकं,
मधे दीडशे पावलं आणि समुद्र.
उत्तरेच्या दोरीवर इनासकाका,
त्याच्या मागे मी, रजेवर आलेली,
तळहात सोलले तरी सोडायला लाजणारी.

"कान नको गो, तळवो होयो," तो म्हणतो.
"मासो आदी दोरयेक कळता, मगे आमकां."

मग मी त्याला माझं काम सांगते.
आमच्याही दोऱ्या दोनच, काटकोनात ताणलेल्या,
उजेडाच्या, कोस-सवा कोसाच्या.
लाट आली की एक हात लांबतो, दुसरा आखडतो,
मग उलट.
किती? अणूच्या पोटातल्या कणाहून कमी.
खुंट जागच्या जागी असतात, काका,
हेलकावा मधल्या अंतरालाच बसतो.

"आनि ओढता कोण?"

दोन कृष्णविवरं. एकमेकांभोवती घिरट्या घालत
शेवटी एकात एक गेली,
आणि जुळल्यावर वजन तीन सूर्यांनी कमी भरलं.

तो थबकतो. लिलावात आयुष्य गेलेला माणूस.
"काट्यात खोट आसतली."

नाही. तीन सूर्यांची लाट झाली.
निघाली ती कुठे अडली नाही,
आत्ताही अशीच एखादी
तुझ्या बरगड्यांतून जात असेल.

पण चालता चालता वाटच वाढत गेली.
दोनशे कोटी वर्षं
अंतर ताणत राहिलं, त्याच्यासोबत लाटही ताणली,
तिचा सूर खाली उतरला.
(ही दोरी नाही वाढत, ही पुळणही नाही.
जे एकमेकाला धरून आहे
त्याला विश्वाचं पसरणं कळत नाही.)
म्हणून इथे ऐकताना वाटतं
सगळं सावकाश घडलं,
आणि विवरं होती त्याहून जड होती.
लाट किती क्षीण झाली ते बघून आम्ही अंतर काढतो,
मग भागाकार,
मग खरं वजन.

इनासकाका दोरी कमरेला अडकवून
दोन पावलं मागे सरकतो. वाळू टाचेखाली करकरते.

"मिंगेल बहारिनाक वारलो
तेची खबर अकराव्या दिसाक इली."
जरा वेळाने, "जड होती गो."

मला भागाकार सुचत नाही.

दक्षिणेच्या टोकावरून कुणीतरी हाळी देतं.
तळव्यात काहीतरी फडफडतं, बारीक.
बांगडा?
"नाय. नुसती लाट," तो म्हणतो. "ओढ."