सहा नंबरची कुपी

रात्री दोन ते चार लेझर खरं बोलतो.
तेव्हा सांताक्रूझला विमानं विरळ,
टेबल थरथरत नाही,
आणि कलिन्याच्या या तळघरात
एसीचं गुरगुरणंही मी बंद ठेवते.

दहा कुप्या. सगळ्यांत तेच पांढरे कण,
केसाच्या जाडीत शंभर मावतील एवढे.
दाटीही तीच.
फक्त पॉलिमर वाढवत नेलंय, चिमटीचिमटीने.
पॉलिमर म्हणजे इथे ओढ.

एक नंबरमध्ये ओढ शून्य.
कुणाला कुणी नको आहे
तरी हलता येत नाही:
प्रत्येकाभोवती शेजाऱ्यांचा पिंजरा,
आणि प्रत्येकजण दुसऱ्या कुणाच्या पिंजऱ्याचा गज.
उलटी केली तरी कुपीतलं पांढरं वरच राहतं,
नीट विरजलेल्या दह्यासारखं.
या न वाहण्याला आम्ही काच म्हणतो,
दुधी असली तरी.

दहा नंबरही काचच.
कारण वेगळं.
तिथे जो ज्याला भेटला
त्याने त्याला सोडलंच नाही.

फेलिक्स मिस्किटा, आमचे लॅब असिस्टंट,
कोलेकल्याणच्या गावठाणातले,
दोन्ही कुप्या ट्यूबलाइटखाली धरून म्हणाले,
"मॅडम, दोन्ही सारख्याच की."
बाहेरून, हो.

मग मी सहा नंबर उलटी केली.
ती वाहिली.
एक कणही कमी नव्हता.
जराशा ओढीने दोघेतिघे एकमेकांकडे सरकले,
सरकले म्हणून मागे फट पडली,
आणि त्या फटीतून
भलताच कुणी निसटला.

मिस्किटांनी ती पुन्हा उलटी केली. पुन्हा.
"आम्ही घरी अकरा माणसं होतो, एका खोलीत,"
म्हणाले.
मी थांबले.
त्यांनी कुपी जागेवर ठेवली, चष्मा पुसला,
आणि डबा घेऊन बाहेर गेले.

वहीत एक रकाना आहे: किती वाट पाहिली.
काच म्हातारी होत जाते,
आजचं उत्तर उद्या चालत नाही,
म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो भरावा लागतो.
एक नंबर, सतरा दिवस.
दहा नंबर, सतरा दिवस.
सहापुढे रेघ.
जे वाहतं त्याला हा रकाना लागू नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी विमान उतरलं.
लेझरसमोर दहा नंबर होती.
तासभर पडद्यावर थिजलेले लाल ठिपके
एकदम शहारले.

ते टेबल होतं, मला माहीत आहे.
असल्या नोंदी खोडायच्या असतात.
ही मी अजून खोडलेली नाही.