पाणक्या

अठरा वर्षं मी दुसऱ्यांची तहान वाहिली.
जर्सीत मागे, कण्यालगत, सात थंड बाटल्या,
खाली औदेनार्देची दगडी वाट, दातांत चिखल,
आणि शर्यतीचा शेवट एकदाही पाहिला नाही.
कोण जिंकलं ते बसमध्ये कळायचं,
ओले मोजे पिळता पिळता.

आता मला खुर्ची आहे, गादीची.
समोर दोन पडदे, कानात खोदेलीव्ह,
जी फक्त "पुढे" आणि "थांब" एवढंच बोलते.
शेजारी बावो. त्याने जन्मात सायकल चालवली ती
कोपऱ्यावरून पाव आणायला,
पण आवाज असा, की चढणसुद्धा बाजूला होते.
तो विचारतो, "लीव्हेन, तू तिथून गेलायस.
आत्ता त्याच्या डोक्यात काय चाललं असेल?"

काही नाही, बावो.
कुठल्यातरी जाहिरातीची अर्धी ओळ,
आणि तुंबलेली लघवी.
पण मी म्हणतो, "डावपेच,"
आणि त्याचा मला पगार मिळतो.

चढ आला की टेबलाखाली मांड्या आपसूक आवळतात.
पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात.

एक शब्द मात्र मी वापरत नाही: कुणीतरी.
एका एप्रिलमध्ये याच खुर्चीतला माणूस
रेडिओवर म्हणाला होता,
"मागे कुणीतरी पडलंय, पण आपण पुढे जाऊ."
आई स्वयंपाकघरात चिकोरी चिरत होती.
तिला कळलं. कसं, ते विचारू नका.
माझं खांद्याचं हाड सहा आठवड्यांत जुळलं.
तिने मात्र पुढच्या रविवारी रेडिओ
टॉवेलात गुंडाळून फडताळात ठेवला,
आणि मी निवृत्त होईपर्यंत काढला नाही.

म्हणून आदल्या रात्री मी
एकशे पंचाहत्तर नावं घोकतो, पाढ्यांसारखी,
ज्यांच्याकडे कॅमेरा ढुंकूनही बघणार नाही
ती सगळ्यात आधी.

आज उतारावर, ओल्या वळणाला,
एकजण कुंपणाच्या तारेवरून पलीकडे गेला.
बाटल्या रस्ताभर घरंगळल्या,
म्हणजे आमच्यातलाच.
खोदेलीव्ह म्हणाली, "पुढे. तिघं सुटलेत."
मी म्हणालो, "येमाने हाब्तेअब.
बावीस वर्षांचा. गाव मेंदेफेरा."
बावोने मान वळवून पाहिलं.
मेंदेफेरात आमची फ्लेमिश कोणाला कळणार?
पण नाव कळतं.
नावामागून आवाज कुठे जातो, तेही कळतं.
मी म्हणालो, "उठतोय."

तो उठला नव्हता.
कोपर हललं होतं,
किंवा वाऱ्याने नुसती बाही.
पुढे काही दिसायच्या आत पडदा तिघांकडे गेला,
बावो उभा राहिला, त्याचा आवाज उभा राहिला,
आणि मी शेवटचे अकरा किलोमीटर
गिअरच्या दात्यांबद्दल बोलत होतो,
अगदी बरोबर, एकही चूक न करता.
जो जिंकला त्याला मी पाहिलं.
हल्ली मला दिसतं ते.

मग माइक बंद झाल्यावर बावोने हळूच विचारलं,
"तू त्याला उठताना पाहिलंस?"
मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिलो.

रात्री निकालाचा कागद आला, अजून गरम.
नेहमीसारखा
मी तो खालून वाचायला घेतला.